खांद्यावरची चार घरं : डोमके एफ-२ या कॅमेराबॅगेचं रसग्रहण

लेन्स बरोबर घेऊन फिरणाऱ्याच्या मनात दोन भीती असतात. लेन्सला धक्का लागेल, ही एक. समोर काही घडत असताना लेन्स बॅगेतच राहून जाईल, ही दुसरी. बाजारातल्या बहुतेक बॅगा पहिल्या भीतीवर इलाज करतात : जाड फोम, कडक कवच, दुहेरी चेन, वरून पावसाची टोपी. फिलाडेल्फिया इन्क्वायरर या अमेरिकी दैनिकातले छायाचित्रकार जिम डोमके यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यात एक कॅनव्हासची बॅग तयार केली. तिनं आधी दुसऱ्या भीतीला उत्तर दिलं आणि त्या ओघात पहिलीलाही. तिचं नाव एफ-२. थोडेफार बदल होत ती अजून त्याच आराखड्यावर शिवली जाते. कवितेचं, चित्राचं करतो तसं रसग्रहण रोजच्या वापरातल्या वस्तूचंही करता येतं, आणि ही वस्तू त्या मानाला पात्र आहे असं मला मनापासून वाटतं.

ती कोणत्या गरजेतून आली ते आधी पाहू. १९७१ मध्ये निकॉनचा एफ२ हा कॅमेरा आला होता आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या गळ्यात तो किंवा त्याच्या तोडीचा कॅमेरा असे. झूम लेन्स तेव्हा फारशा विश्वासाच्या नव्हत्या. त्यामुळे प्राइम, म्हणजे एकाच ठरावीक फोकल लांबीच्या, लेन्सचा ताफा बाळगावा लागे : २४ किंवा २८ मिलिमीटरची रुंद, एक ३५ची, चेहऱ्यांसाठी ८५ किंवा १०५ची, लांबचं ओढून आणायला १८०ची. बॉडी दोन, कधी तीन. पत्रकार परिषदेत, मोर्च्यात, खेळाच्या मैदानाच्या कडेला उभ्याउभ्याच लेन्स बदलायची, आणि दिवसातून कितीतरी वेळा. त्या काळी सर्रास दिसणारी चामड्याची चौकोनी पेटी या कामात आडवी येई. प्रत्येक लेन्सला स्वतंत्र नळकांडं, त्याला टोपण, टोपणाला बटण. तीन गोष्टी उघडेपर्यंत समोरचा माणूस हात हलवून गाडीत बसलेला असे.

आता बॅग हातात घेऊ आणि पट्ट्यापासून सुरुवात करू, कारण तिची सगळी बुद्धी पहिल्यांदा तिथे दिसते. सुती विणीचा रुंद पट्टा, आणि त्याच्या विणीतच रबराचे धागे उभे ओवलेले. बोट फिरवलं की कापडावर उठलेल्या दोन बारीक रेघा लागतात. या रेघा सदऱ्याला धरून ठेवतात. माणूस वाकला, धावला, गर्दीत तिरका झाला तरी पट्टा खांद्यावरून घसरत नाही. खांद्याला वेगळी गादी लावून हेच साधायचा प्रयत्न इतरांनी केला, पण गादी पट्ट्यावर सरकते आणि नको तिथे जाऊन बसते. इथे पकड पट्ट्याच्या अंगातच आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा पट्टा जातो कुठे. सामान्य बॅगेचा पट्टा वरच्या दोन कानांना शिवलेला असतो आणि सगळं वजन त्या चार-सहा इंचांच्या शिवणीवर लोंबतं. भरलेल्या बॅगा तुटतात त्या बहुतेक याच जागी. एफ-२चा पट्टा दोन्ही कुशींवरून खाली उतरतो आणि बुडाखालून फिरतो, म्हणजे बॅगेला कवेत घेतो. वजन खालून उचललं जातं. वर्षांनुवर्षं वापरून कुशीचं कापड विरलं तरी बूड पट्ट्याच्या हातात असतं. हे पाहिल्यापासून दुकानात कुठलीही बॅग पाहिली की मी आधी ती उलटी करतो.

आणि मग कापड. चांगलं दणकट सुती कॅनव्हास. पण कुशी चेपून पाहिल्या तर आत काहीच नाही. फोम नाही, पुठ्ठा नाही. नवखा माणूस इथे दचकतो. हजारोंच्या लेन्स आणि मध्ये फक्त एक कापड? मला मात्र या बॅगेतली सर्वांत धाडसी आणि सर्वांत विचारपूर्वक केलेली निवड हीच वाटते. फोमनं फुगलेली बॅग अंगापासून वेगळी राहते. चालताना ती झुलते, दाराच्या चौकटीला आपटते, बसच्या दांड्याला अडकते, मागच्या माणसाच्या कोपराला लागते. मग त्या आपटण्यापासून वाचवायला आणखी फोम. एफ-२ कमरेला बिलगते. माणूस वळला की ती वळते. दोघांमधून वाट काढायची वेळ आली की चपटी होते. जी बॅग अंगाला धरून राहते तिला मुळात धक्केच कमी बसतात.

बुडाला मात्र अस्तर आहे. कारण बॅग दिवसात अनेकदा खाली टेकते : डांबरावर, पायऱ्यांवर, मैदानाच्या सिमेंटवर. आणि लेन्सच्या घरांना अस्तर आहे, कारण तिथे धातूशेजारी धातू असतो. संरक्षण कुठे द्यायचं आणि कुठे काढून घ्यायचं हे ज्यानं ठरवलं, तो आयुष्यभर अशा बॅगा खांद्यावर वागवत आलेला माणूस होता, हे शिवणीशिवणीतून कळतं.

त्या घरांपाशी थोडं थांबू. मधल्या मोठ्या खणात चार चौकोनी घरांचं एक सुटं अस्तर बसतं. उरलेल्या जागेत बॉडी. प्रत्येक घरात एक लेन्स, उभी. आडव्या मांडणीत लेन्स दिसायला छान दिसतात, पण काढताना दोन बोटं आत घालून चाचपडावं लागतं. उभी लेन्स मुठीत येते. शिवाय उभ्या मांडणीत लेन्सची जाडी आणि कडेची वीण हाताला लागते. बोटांना ३५ कुठली आणि ८५ कुठली ते डोळ्यांशिवाय कळतं. स्वयंपाकघरात फोडणी करणारी बाई मसाल्याच्या डब्याकडे न पाहता हळदीत चमचा घालते, तशी ही ओळख असते. मात्र त्यासाठी घरं बदलून चालत नाही. रुंद लेन्स डाव्या वरच्या घरात असेल तर ती कायम तिथेच असली पाहिजे, रात्री दमून परतल्यावरही.

या चार घरांचा एक नियम कुठे लिहिलेला नाही, पण वापरणाऱ्याला तो लवकरच सापडतो. चारही घरं कधी भरायची नाहीत. लेन्स बदलताना हातात एका क्षणी दोन लेन्स असतात, उतरवलेली आणि चढवायची. उतरवलेलीला जायला जागा लागते. एक घर रिकामं असेल तर तिला तिथे सोडायचं, शेजारची उचलायची, कॅमेऱ्याला फिरवून बसवायची, आणि आता रिकामं झालेलं घर पुढच्या बदलासाठी तयार. ही फिरती जागा नसेल तर लेन्स काखेत धरली जाते, गुडघ्यांत धरली जाते, आणि तिथूनच पडते. प्रवासात लेन्सचं खरं नुकसान बॅगेत असताना क्वचित होतं. होतं ते या बदलाच्या काही सेकंदांत. म्हणून मला ते रिकामं घर या रचनेचं हृदय वाटतं. जास्त सामान मावावं म्हणून ते भरणारा माणूस बॅगेचा सगळा अर्थ घालवून बसतो.

लेन्सचं तोंड वर ठेवायचं की खाली, यावर छायाचित्रकारांत जुनी चर्चा आहे. माउंटची बाजू वर असेल तर उचलून थेट बसवता येते, म्हणून घाईतले लोक तशी ठेवतात, काही जण मागचं झाकणही काढून. झाकण काढण्याशी मी सहमत नाही. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चित्रात सहसा दिसतही नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा प्रकाशाच्या ऐन वाटेवर पडतो आणि त्रास देतो. मागचं झाकण राहू द्यावं, फक्त घट्ट न पिळता. दोन बुटक्या प्राइम लेन्स असतील तर दोन मागची झाकणं पाठीला पाठ चिकटवून त्या एकाच घरात एकावर एक उभ्या करता येतात. ही युक्ती जुनी आहे आणि फार गुणाची.

मुख्य झाकणाला चेन नाही. समोर दोन धातूचे आकडे, ते कड्यांत अडकवायचे. काम सुरू झालं की आकडे सोडून द्यायचे आणि झाकण नुसतं टाकून ठेवायचं. एका हातानं उचललं की उघडतं, सोडलं की स्वतःच्या वजनानं पडतं. ज्यांनी सोमवती अमावस्येला जेजुरीत किंवा अनंत चतुर्दशीला लालबागच्या रस्त्यावर काम केलं आहे, त्यांना या साध्या पडत्या झाकणाचं मोल वेगळं सांगायला नको. भंडारा आणि गुलाल ही लेन्सच्या दृष्टीनं अतिशय बारीक पूड आहे. चेनच्या दातांत ती बसली की चेन अर्ध्यावर अडते आणि बॅग उघडीच राहते. इथे अडायला काही नाही. लांबी वाढवणारी झूम लेन्स मात्र अशा ठिकाणी बॅगेतच ठेवावी. फिरवताना तिचं नळकांडं पुढेमागे होतं, आत हवा ओढली जाते आणि हवेबरोबर हळदही. तिथे एक प्राइम लावून दिवसभर राहणं शहाणपणाचं.

या बॅगेला दोष आहेत आणि मला ते सांगायलाच हवेत. पहिला, खिशांचं वेल्क्रो. समोरचे खिसे उघडले की कापड फाटल्यासारखा आवाज येतो. मैदानात तो कुणाच्या कानावरही जात नाही. पण कीर्तनात, मैफलीत आलापी चालू असताना, शोकसभेत तो आवाज म्हणजे अपराध आहे. अशा ठिकाणी लागणारं कार्ड आणि बॅटरी आधीच सदऱ्याच्या खिशात काढून ठेवावी.

दुसरा, एका खांद्यावरचं ओझं. पाऊण दिवसानंतर पाठीचा एका बाजूचा स्नायू बोलू लागतो. बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर चढायचं असेल तर ही बॅग नेऊच नये. तिथे दोन्ही हात कातळावर लागतात आणि कमरेशी लोंबणारी कुठलीही वस्तू धोक्याची. पाठीवरची सॅकच हवी, तिच्या पोटात लेन्स जाड कापडात गुंडाळून.

तिसरा मुद्दा पावसाचा, आणि तो आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. सुती कॅनव्हास भिजलं की त्याचे धागे फुगतात आणि वीण आणखी घट्ट होते. त्यामुळे हलक्या सरी ही बॅग आरामात झेलते. मेण लावलेल्या कॅनव्हासची आवृत्तीही पुढे आली, ती आणखी थोडी टिकते. पण तो पाऊस आपला नाही. आषाढी वारीत दिवे घाटात पालखीबरोबर चढताना जो पाऊस लागतो, त्यापुढे तासाभरात कॅनव्हास हार मानतं. अस्तराच्या आत प्लास्टिकची जाड पिशवी उलटी-सुलटी घालून ठेवणं हा साधा उपाय आहे आणि वारी टिपणारे अनेक जण तो करतात. मात्र खरी लढाई घाट संपल्यावर सुरू होते. ओलं कॅनव्हास सावकाश वाळतं आणि घरांच्या अस्तरातली ओल त्याहून सावकाश. बुरशीला, ज्याला आपण सगळे फंगस म्हणतो, तिला हेच हवं असतं : अंधार, थांबलेली हवा आणि साठ-सत्तर टक्क्यांच्या वरची आर्द्रता. लेन्सच्या आत कोळिष्टकासारखी नक्षी दिसू लागली की समजावं, बुरशीच्या स्रावांनी काचेवरच्या लेपाला खायला सुरुवात केली आहे. वेळेत काढली तर डाग पुसला जातो. उशीर झाला तर खूण काचेवर कायमची राहते. मुंबईत आणि कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली आर्द्रता या रेषेच्या वरच असते. चामड्याच्या केसमध्ये तर लेन्स पावसाळाभर ठेवूच नये, कारण चामडं ओलही धरतं आणि स्वतःच बुरशीला अन्न पुरवतं.

एका बाबतीत मात्र हेच जाड कापड उपयोगी पडतं. वातानुकूलित डब्यात रात्रभर गार झालेली लेन्स सकाळी मडगावच्या फलाटावर बाहेर काढली की क्षणात तिच्यावर दव धरतं, कधी आतल्या काचांवरही. ते पुसायला जाऊ नये. बॅग बंद ठेवून अर्धा तास फलाटावर, रिक्षात, जिथे असाल तिथे जाऊ द्यावा. कापडाच्या आत लेन्स हळूहळू बाहेरच्या उबेला येते आणि दव धरायला कारण उरत नाही.

गाडीत ही बॅग मांडीवर घ्यायची. वरच्या फळीवरून ती पडू शकते हे तर आहेच, पण खाली पायापाशी ठेवली तर लांबच्या प्रवासात डब्याच्या, एसटीच्या सतत थरथरीनं लेन्समधले बारीक स्क्रू सैल होतात. हा त्रास एका दिवसात दिसत नाही. काही महिन्यांनी फोकसची कडी किंचित डगमगते, चित्राची एक बाजू दुसरीपेक्षा मऊ येते, आणि माणूस कॅमेऱ्याला दोष देत बसतो. मांडीचं मांस ही थरथर शोषून घेतं. कुठलाही फोम इतकं चांगलं काम करत नाही.

एफ-२ घडत होती त्याच सुमाराला, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स इथे डेव्ह पार्कर यांनी पेलिकन ही कंपनी सुरू केली. तिच्या कडक पेट्या आज सगळीकडे दिसतात : कठीण प्लास्टिकचं कवच, कडेनं रबराची वेढणी, आत-बाहेरचा हवेचा दाब सारखा करणारी छोटी झडप. त्या पेटीबद्दल मला आदर आहे. मालवणच्या समुद्रात होडीतून जायचं असेल, सामान ट्रकनं पाठवायचं असेल, तर दुसरा पर्याय शोधू नये. पण त्या पेटीत लेन्स झोपलेली असते. आणि विमानात हा फरक फार लवकर समोर येतो. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या हातसामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते. चाकांची कडक पेटी रिकामी असतानाच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकते. एफ-२ स्वतः दीड किलोच्या आतली आहे. उरलेलं वजन काचेसाठी मोकळं. लेन्स खालच्या सामानात कधी टाकू नये म्हणतात ते खरंच आहे, आणि हलकी बॅग तो नियम पाळणं शक्य करते.

इंग्लंडमध्ये मार्टिन बिलिंगहॅम १९७३ पासून मासेमारीच्या बॅगा शिवत होते. १९७८ च्या सुमारास त्यांना कळलं की न्यूयॉर्कमधले काही छायाचित्रकार त्यांच्या बॅगा कॅमेऱ्यासाठी वापरताहेत, आणि मग ते या धंद्यात आले. काम करणारी माणसं त्या वर्षांत सगळीकडे मऊ, खोल, पटकन उघडणाऱ्या बॅगेच्या शोधात होती, हे यातून दिसतं. बिलिंगहॅमची बॅग सुंदर आहे यात शंका नाही. मात्र तिचं चामडं आणि पितळ नजर ओढून घेतं. एफ-२ कडे कुणी वळून पाहत नाही. ती कॅमेऱ्याची बॅग वाटतच नाही, आणि जुनी होऊन रंग उडाला की मग तर मुळीच नाही. अनोळखी शहरातल्या रात्रीच्या स्थानकावर हे मोठं संरक्षण आहे.

आकाराबद्दल शेवटचं. आजच्या मोठ्या तोंडाच्या झूम लेन्स या घरांत अडचणीनंच बसतात आणि त्यामुळे अनेक जण मोठी बॅग घेतात. मला उलट वाटतं. १९१५ च्या ऑक्टोबरअखेर अंटार्क्टिकाच्या बर्फात एन्ड्युरन्स जहाज चिरडलं गेलं, त्यानंतर फ्रँक हर्ले या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकारानं बर्फाळ पाण्यात उतरून डाग देऊन बंद केलेले काचेच्या निगेटिव्हचे डबे बाहेर काढले. मग मोहिमेचे प्रमुख शॅकल्टन यांच्याबरोबर बसून त्यानं सुमारे १२० काचा निवडल्या आणि उरलेल्या ४०० च्या आसपास तिथेच फोडून टाकल्या, म्हणजे पुन्हा मोह नको. भारी कॅमेरे आणि लेन्स मागे राहिल्या. पुढच्या महिन्यांची छायाचित्रं त्यानं खिशात मावणाऱ्या एका कोडॅकवर आणि तीन रोल फिल्मवर काढली. आपल्या प्रवासात असा प्रसंग येत नाही, पण निघण्याआधी काय मागे ठेवायचं हे ठरवणं आपल्यालाही चुकत नाही. चार घरं, त्यातलं एक रिकामं : एफ-२ हा निर्णय आदल्या रात्री घरीच घ्यायला लावते, आणि तीन लेन्समध्ये ज्याचा प्रवास मावत नाही असं काम वृत्तछायाचित्रणात तरी मला फारसं आठवत नाही.

नवी एफ-२ ताठ असते, थोडी अवघडलेली. तिला वर्षभर द्यावं लागतं. पुढे कॅनव्हास मऊ होतं, कमरेचा आकार घेतं, झाकणाची घडी हाताच्या सवयीनं पडते. म्हणून जाणकार जुनी बॅग सहसा विकत नाहीत, आणि दुकानात धुऊन फिकी झालेली एखादी मिळाली तर नवीपेक्षा तिलाच हात घालतात.

बॅग ही असो की दुसरी कुठली, घ्यायला जाताना आपल्या लेन्स बरोबर न्या. भरून खांद्यावर घ्या, दुकानात दोन फेऱ्या मारा, डोळे मिटा आणि एका हातानं हवी ती लेन्स काढून दाखवा. जमलं नाही तर ती बॅग परत ठेवा. आणि पावसाळ्यात घरी आलात की त्याच रात्री सगळ्या लेन्स बाहेर काढा, अस्तर वेगळं करून पंख्याखाली वाळत घाला, लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. जेलचे दाणे रंग बदलू लागले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.